फॅमिलीची सोय आहे

किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात आम्ही तिघे कारकून एका लांब टेबलाला बसायचो. गाडी लेट झाली की एकाने काहीतरी काढायचं आणि त्यावरून दुसऱ्याला काहीतरी आठवायचं. सत्तर सालानंतरची ही गोष्ट. लोक अजून म्हणतात, तुम्ही तिघे काय हसायचात हो! हसायचो खरं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

तिघे म्हणजे राहूचा तुकाराम कोकरे, ज्याच्या घरात वडिलांपर्यंत मेंढरं होती. दुसरा केडगावचा दावीद, ख्रिश्चन. आणि तिसरा मी, भांडगावचा ओव्हाळ. आमच्या भागात ओव्हाळ म्हटलं की समोरच्याला पुढचं विचारावं लागत नाही. आम्ही बौद्ध झालो, कारकून झालो, तरी आडनाव आपलं काम करतच राहिलं.

रेल्वेचा पास असायचा, म्हणून फिरायला जायचं ते लोणावळ्याला. तिथं हॉटेलं ढीगभर. पण बायकोला घेऊन नीट बसून जेवता येईल असं हॉटेल कोणतं, हा आमच्या टेबलावरचा कायमचा प्रश्न होता.

*

आधी शब्दाचा घोळ सांगतो. आमच्याकडे फ्यामिली म्हणजे बायको. पोरं नव्हेत, आई नव्हे. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायची लाज, म्हणून ‘आमची फ्यामिली माहेरी गेलीय’ असं म्हणायचं.

कोकरे एकदा ऑफिसच्या कामाला एकटाच लोणावळ्याला गेला. हॉटेलात गर्दी होती. आतल्या बाजूला पडदा, वर पाटी ‘फॅमिली रूम’, आणि आतली खुर्ची रिकामी. हा सरळ आत जाऊन बसला. वेटर धावत आला आणि फॅमिली आहे का म्हणून विचारू लागला.

“हाय की. राहूला हाय.”

मग इथं कशी बसणार, असं वेटरने विचारल्यावर कोकरे त्याला समजावत म्हणाला, “ती न्हाई बसत. तिच्या वाटचं मी बसतो.”

*

ह्याच कोकऱ्याने पासाच्या अर्जावर फॅमिलीच्या रकान्यात एकच नाव लिहिलं होतं, कौसल्या. आमचे हेडक्लार्क आप्पा म्हणाले, अहो, तुम्हाला तीन पोरं आहेत ना?

“पोरं हायेत. पर फ्यामिली एकच हाय, आप्पा. दुसरी केली तर ती जित्ता ठेवंल व्हय?”

*

ती कौसल्यावहिनी फॅमिली रूममध्ये एकदाच बसली, आणि तेही शिरूरला एसटी स्टँडजवळ. मालकाने मोठ्या मानाने पडदा सारून आत नेलं. आत एका भिंतीला कांद्याची पोती, दुसऱ्या भिंतीपलीकडे भट्टी. खिडकी नाही. पंखा बाहेर पुरुषांच्या डोक्यावर फिरत होता. नवरा बाहेरच्या बाकावर निवांत चहा पीत बसलेला, कारण त्याला आत धूर सहन होईना.

दहा मिनिटांनी वहिनी डोळे पुसत बाहेर आली आणि मालकाला म्हणाली, “आमी मेंढरंबी वाऱ्याच्या अंगाला बसवतो.”

ह्यावर आम्ही आठवडाभर हसलो. घरी येऊन मी सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, “आत तर बसवलं ना तिला?”

*

सुमनचं मी आतापर्यंत सांगितलं नव्हतं. तिच्या माहेरच्या गावात एक हॉटेल होतं. तिचे वडील तिथं चहा प्यायचे ते बाहेर, उकिडवं बसून. कान तुटलेली एक कपबशी बाहेरच्या फळीवर वेगळी ठेवलेली असायची. ती आपण उचलायची, वरून ओतलेला चहा प्यायचा, आपणच धुऊन परत ठेवायची. लहानपणी ती बापाच्या गुडघ्याला टेकून उभी राहायची आणि आतल्या खुर्च्या बघायची. त्या लाल रंगाच्या होत्या, असं ती मला लग्नानंतर कितीतरी वेळा सांगायची.

लग्न होऊन चार वर्षं झाली तरी तिने माझ्याजवळ ना सोनं मागितलं, ना साडी. एवढंच म्हणायची, “एकडाव हाटेलात खुर्चीवर बसून जेवायचंय. आत. समद्यांच्या मधी.”

एवढं साधं मागणं, आणि मी ते चार वर्षं पुढं ढकलत होतो. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

*

माझ्यासाठी हॉटेल बघून यायला दावीद तयार झाला. लोणावळ्याला त्याच्या मावशीकडे तो जाणारच होता. त्याने बाजारातल्या चार हॉटेलांत चौकशी केली. तिसऱ्या ठिकाणी मालक मोकळा माणूस निघाला. बाईमाणसं बसतात की, म्हणाला, पण कोण आहात तेवढं कळलं म्हणजे बरं.

दावीदने छाती काढून सांगितलं, “ख्रिश्चन.”

मालक म्हणाला, “ते कळलं. त्याच्या आधी कोण?”

दावीदने हा किस्सा सांगितला तेव्हा कोकरे टेबलावर हात आपटून हसला. दावीदही हसला. मी हसलो की नाही ते मला आठवत नाही.

*

आप्पांचं एक सांगितलंच पाहिजे. आप्पा गोड माणूस, कुणाला कधी वाकडं बोलले नाहीत. कोणी लोणावळ्याचा पास काढला की ते हौसेने हॉटेल सांगायचे. कोकऱ्याला पुरीभाजीचं सांगितलं. नवीन आलेल्या जोशी कारकुनाला तर चिठ्ठीवर नकाशा काढून दिला. मी पास काढला तेव्हा पेन खाली ठेवून म्हणाले, “ओव्हाळ, तुम्ही आपला डबा न्या. बाहेरचं कशाला? तुमच्या घरची भाकरी एकदम फर्स्टक्लास असते.”

मी विचारलं, “आप्पा, तुम्ही कधी खाल्लीत?”

“नाही, असं ऐकलंय,” म्हणाले आणि पुन्हा पेन उचललं.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. घरी जाऊन सुमनला सांगितलं, येत्या रविवारी जायचं. डबा घ्यायचा नाही.

*

बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षीचा तो रविवार. आमच्या लहान मुलीला माझ्या आईकडे ठेवून आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. पुण्याला गाडी बदलली. सुमनने पिशवीत फक्त पाण्याची बाटली घेतली होती. वाटेत भूक लागली तरी तिने शेंगासुद्धा घेऊ दिल्या नाहीत. पोट रिकामं ठेवायचंय, म्हणाली.

दावीदला जिथं कुणी काही विचारलं नव्हतं, ते चौथं हॉटेल चांगलं मोठं होतं. दारावर पाटी होती, ‘फॅमिलीची सोय आहे’. वेटरने आम्हाला बघितलं आणि पडद्याकडे बोट केलं. सुमन पडद्याकडे गेलीच नाही. हॉलच्या मधोमध एक टेबल रिकामं होतं, तिथली खुर्ची ओढून ती बसली. पदर नीट केला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. वेटर पुन्हा म्हणाला, बाई, फॅमिली आत. ती म्हणाली, “मला हितंच बसायचंय.” तो खांदे उडवून गेला. कोणी मान वळवूनही बघितलं नाही. आजूबाजूला माणसं जेवत होती, पंखा डोक्यावर फिरत होता. सुमनचा चेहरा मी तसा लग्नातही बघितला नव्हता.

मी दोन राइसप्लेट मागवल्या. ताटं आली. पुरी फुगलेली होती.

तेवढ्यात मालक गल्ल्यावरून उठून टेबलाटेबलाशी विचारपूस करत आमच्याकडे आला. वयस्कर, हसरा माणूस. कुठले पाहुणे, म्हणाला. दौंडचे, रेल्वेत असतो, असं मी सांगितलं. वा, म्हणाला. मग टेबलावर हात टेकवून त्याने विचारलं, “नाव काय म्हणालात?”

कदाचित त्याच्या मनात काहीही नसेल. ओव्हाळ म्हटल्यावरही तो तसाच हसला असता कदाचित. आता मला ते कधीच कळणार नाही. मी ताटाकडे बघितलं, सुमनच्या टेबलावरच्या हातांकडे बघितलं आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, “कोकरे.”

“बसा, कोकरेसाहेब, निवांत बसा,” म्हणून तो वेटरला आणखी गरम पुऱ्या आणायला सांगून पुढच्या टेबलाकडे गेला.

सुमनने पुरीला हात लावला नव्हता. तिने ताट दोन्ही हातांनी हळूच माझ्याकडे सरकवलं, खुर्ची आवाज न करता मागं घेतली आणि उभी राहिली. आवाज चढवला नाही. शेजारच्या टेबलालाही ऐकू गेलं नसेल.

“कौसल्यावहिनींला बोलवा. त्यांचं ताट वाढलंय. मी भाईर थांबते.”