अकरा डिस्क

त्या हॉस्पिटलात बावीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे तारमास्तर म्हणत, कारण त्याच्या गळ्यात कायम दोन-तीन केबली लोंबकळत असायच्या. स्वभावानं गरीब. बायको म्हणायची, यांना घरातलं झुरळही मारवत नाही.

एका मंगळवारी सकाळी बाळंतीण दगावली. तासाभरात तिचे नातेवाईक जिन्यावरून पहिल्या मजल्यावर घुसले. काचा फुटल्या, फायली भिरकावल्या गेल्या, कॉम्प्युटरच्या खोलीतली अकराच्या अकरा यंत्रं लाथांनी चेपली. मयत बाईचा भाऊ वेल्डर होता, अंगानं दांडगा. त्याच्या हातातला शटरचा लोखंडी गज तारमास्तरच्या खांद्यात बसला, दुसरा घाव कानावर. मास्तरच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि तो तिथंच कोसळला. कोणीतरी त्याच्या पाठीवर मॉनिटर घातला तेव्हा तो शुद्धीवर नव्हता.

पोलिसांना त्यानं खाटेवरूनच जबाब दिला. "मी दारात हात जोडून उभा होतो. त्यानं सरळ गजच घातला."

वेल्डरवर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला.

तीन आठवड्यांनी मॅनेजरनं मास्तरला बोलावलं. रुग्णांची सगळी नोंद फुटलेल्या यंत्रांत अडकली होती. मास्तरचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये आणि डावा कान बंद. तो बायकोला सोबत घेऊन आला.

"तू माझा हात हो," तो म्हणाला. "मी सांगतो तसं कर."

तिनं डबडी उचकटून अकरा डिस्क बाहेर काढल्या आणि टेबलावर सुती चादर पसरून त्यावर ओळीनं मांडल्या. मास्तरच्या पिशवीत ॲडॉप्टर होता. त्याचं एक टोक उघड्या डिस्कला लावायचं, दुसरं चालू कॉम्प्युटरला, आणि मोठ्या डिस्कला वीज वेगळी द्यायची.

"डिस्कखालच्या हिरव्या सर्किटच्या पट्टीला बोट लावू नकोस. आता बटण दाब. फिरायला लागली की हलवायची नाही."

पहिली डिस्क खटखट करून गप्प झाली. दुसरी गुरगुरली आणि पडद्यावर फायलींची रांग उमटली. दुपारपर्यंत सात जिवंत निघाल्या, तीन मेलेल्या. अकरावी कॅमेऱ्यांची होती. ती मेली असं मॅनेजरनं पोलिसांना आधीच कळवून टाकलं होतं. बायकोनं जोडली तर ती सुरळीत फिरू लागली.

"बघू दे मला, तुम्हाला कसं मारलं त्या मेल्यानं," ती म्हणाली.

पडद्यावर खोलीचं दार दिसलं. दारात एक म्हातारा, मयत बाईचा बाप, हातात मुलीची फाईल. तो काहीतरी विचारत होता. आतून मास्तर आला. त्यानं म्हाताऱ्याची गचांडी धरली, भिंतीवर आदळलं, कोपऱ्यातला गज उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. म्हातारा खाली बसला. मास्तरनं पुन्हा हाणला. मग वेल्डर धावत आला आणि त्यानं मास्तरच्या हातून गज हिसकावला.

बायकोनं तोंडावर पदर धरला. मास्तरनं तेवढा भाग आणखी दोनदा लावायला सांगितला. खाली आरडाओरडा ऐकून आपली पाचावर धारण बसली होती, एवढं त्याला आठवत होतं. म्हातारा आठवतच नव्हता. मास्तरनं जबडा मोडल्याचं म्हातारा पोलिसांना परोपरीनं सांगत होता, पण धक्काबुक्कीत पडला असशील म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं होतं.

मॅनेजर मागे येऊन उभा राहिला होता. त्यानं सगळं पाहिलं.

"तीन मेल्याच आहेत," तो हळूच म्हणाला. "ही चौथी लिहू. हॉस्पिटलचं नाव राहील, तुमची नोकरी राहील."

"ही मेलेली नाही," मास्तर म्हणाला.

"मास्तर, तुम्ही मार खाल्लाय. लोकांना तुमची दया येते. कशाला पायावर धोंडा पाडून घेता?"

मास्तर बायकोकडं वळून म्हणाला, "नक्कल काढ. दोन काढ."

तिच्या हातून केबल दोनदा निसटली, पण तिनं नकला काढल्या. संध्याकाळी ती त्याच्यासोबत पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढली.

वेल्डरवरचा मोठा गुन्हा गेला, तोडफोडीचा आणि मारहाणीचा राहिला. मास्तरवर नवा गुन्हा नोंदला गेला आणि महिन्याच्या आत नोकरी गेली.

खटल्याच्या पहिल्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात म्हातारा बाकावर बसला होता. जबडा वाकडाच जुळला होता. मास्तर त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"बाबा, मी मारलं तुम्हाला."

म्हातारा उठला आणि त्यानं सगळा जीव एकवटून मास्तरच्या थोबाडीत मारली. मास्तरचा ओठ फुटला. बायको पुढं धावली.

"राहू दे," मास्तर म्हणाला.

म्हाताऱ्याला धाप लागली होती. "पोरगी किती वाजता गेली, एवढंच विचारायला आलो होतो रे मी," तो म्हणाला आणि परत बाकावर बसला.

जिवंत निघालेल्या डिस्कांवरच्या रुग्णांच्या नोंदी मास्तरनं स्वतः तपासल्या होत्या. त्यातली ती वेळ त्याला पाठ होती. त्यानं ती सांगितली.