अकरा नंबरचा गोळा

आत्माराम बेंडलला सांगितलं तेवढंच काम कधी करता आलं नाही. झाडू मार म्हटलं की तो जाळीही काढायचा. दाराला तेल घाल म्हटलं की बिजागरी उतरवून, घासून पुन्हा बसवायचा. गुहागरकडच्या त्याच्या घरात पावसाळ्याआधी जी वस्तू धुवून, वाळवून, झाकून ठेवली नाही ती दिवाळीला फेकावी लागायची. ही सवय तो मुंबईकडे येताना बरोबर घेऊन आला होता.

मीरा रोडच्या हाटकेश भागातल्या एका कारखान्याच्या गेटवर त्याने बारा वर्षं काढली. गेट उघडायचं आणि लावायचं. आत काय बनतं ते त्याने कधी नीट पाहिलं नाही, आणि कुणी त्याला दाखवलंही नाही. कारखाना वापीला गेला तेव्हा जवळच्याच एका वसाहतीच्या क्लबात त्याला काम लागलं. बॅडमिंटनचा हॉल, मागे गवताचा चौकोन, हॉलला लागून सामानाची खोली आणि त्या खोलीला लागून राहायला दहा बाय दहाची जागा. सामानाच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे आली. ती तो कमरेच्या करगोट्याला बांधायचा. आंघोळ करतानाही काढायचा नाही, त्यावरून त्याची बायको गिरिजा त्याला हसायची.

"चोर आलाच तर तुम्हालाच उचलून नेईल. किल्ली वेगळी शोधायला नको."

त्या खोलीत क्लबची सगळ्यात विचित्र चीज होती. दीड-दीड किलोचे सोळा काळे गोळे. हंसाबेन नावाच्या निवृत्त पी. टी. टीचरनी ते कोलकात्याहून जुने, वापरलेले विकत आणले होते. दोन हजार दहा साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हा खेळ असणार होता, मग मीरा रोडने का मागे राहावं, असं त्यांचं म्हणणं. खेळ बघायला सोपा. हिरवळीवर एक छोटा पांढरा गोळा आधी सोडायचा आणि मग काळा गोळा घरंगळत त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचा. पण हे गोळे पुरते गोल नव्हते. वेग आहे तोवर सरळ जायचे, वेग मरायला लागला की एका बाजूला वळायचे. प्रत्येकावर एका अंगाला लहान कडं कोरलेलं आणि दुसऱ्या अंगाला मोठं. वळण नेहमी लहान कड्याच्या बाजूला.

"आत्माराम, हे चार-चार भाई हाय," हंसाबेननी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "एका घरातले चारी सारखे वळतात. दुसऱ्या घरातले जादा वळतात. त्यांना जुदा नाय करायचा. समजला?"

"समजलं बेन."

गोळ्यांवर कोरलेले आकडे पन्नास-साठ वर्षांच्या हातांनी केव्हाच पुसून टाकले होते. म्हणून बेननी रंगीत कागद चिकटवले. चार लाल, चार पिवळे, चार निळे, चार हिरवे.

जूनमध्ये हिरवळ बंद व्हायची ती दसऱ्यानंतर उघडायची. दोन हजार आठ साली मेच्या अखेरीला हंसाबेन मुलाकडे न्यू जर्सीला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "गोळे ओल्या फडक्याने पुस आणि ठेव."

नुसतं पुसणं म्हणजे साफ करणं नव्हे, हे आत्मारामला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याने जादाची नेट कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळली. गवत कापायच्या मशीनची पाती ग्रीस लावून गोणपाटात बांधली. आंब्याच्या अढीसारखा भाताचा पेंढा पसरून गोळ्यांची जागा तयार केली, म्हणजे खाडीची दमट हवा अंगाला लागायला नको. आणि सोळाही गोळे रिठ्याच्या पाण्यात भिजत घातले.

सकाळी टबात बघितलं तर पाण्यावर रंगीत कागद तरंगत होते. तळाशी सोळा काळे गोळे. एकसारखे.

तो बराच वेळ टबाजवळ उकिडवा बसून राहिला. गिरिजाने चहा आणून ठेवला, तो गार झाला.

"बेनना फोन करा," ती म्हणाली.

"काय सांगू? चारी घरं एक केली म्हणून?"

"हो. तसंच सांगा."

त्याने केला नाही. नोकरी जाईल, खोली जाईल, ही भीती होतीच. पण गिरिजाला ठाऊक होतं की त्याचं दुखणं वेगळं आहे. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला एखाद्या वस्तूचं मर्म सांगितलं होतं, आणि नेमकं तेच त्याने धुवून टाकलं होतं.

दोन आठवडे गोळे पेंढ्यात पडून राहिले. तो रोज त्यांना हलवून बघायचा, हातात घेऊन वजन जोखायचा. हाताला सगळे सारखेच. मग एका सोमवारी, हॉल बंद असतो त्या दुपारी, एक गोळा त्याच्या हातून सुटून हॉलच्या फरशीवर गेला. तो सरळ गेला, मग मंदावला, मग सावकाश वळून भिंतीपाशी थांबला. आत्मारामने दुसरा सोडला. तो वेगळ्या फरशीवर थांबला.

"गिरिजा," त्याने हाक मारली, "खडू आण."

हाताने सोडलेला गोळा कधी जोरात जातो, कधी हळू. म्हणून त्याने रॅकची एक लांब फळी काढली, दोन विटांवर टेकवून उतार केला आणि वरच्या टोकाला रेघ मारली. प्रत्येक गोळा त्याच रेघेवरून, लहान कडं डावीकडे ठेवून, नुसता सोडायचा. ढकलायचा नाही. गिरिजा पलीकडे गोणपाट अंथरून बसली. गोळा थांबला की ती खडूने खूण करायची आणि वर गोळ्याचा नंबर लिहायची. हे नंबर आत्मारामने कापडी चिकटपट्टीवर लिहून लावले होते.

"सात नंबर कुठे चाललाय बघा! पार कोपऱ्यात."

"जाऊ दे. तू हात लावू नको."

"मी कशाला लावू? तुमचे भाई ते."

ज्या दिवशी हवा जास्त ओली असे, फरशीला घाम सुटे, त्या दिवशी सगळेच गोळे लवकर थांबत. म्हणून एका दिवसाच्या खुणा दुसऱ्या दिवसाच्या खुणांशी ताडून उपयोग नव्हता. हेही त्याला तीन सोमवार वाया घालवल्यावर कळलं. मग एका दुपारी सोळाही गोळे, प्रत्येकी तीन वेळा. गिरिजाचे गुडघे धरायचे, पण ती उठली नाही. गोळा वळायला लागला की दोघंही बोलणं थांबवायची. ते वळण इतकं सावकाश यायचं की कुठे सुरू झालं ते डोळ्याला सापडायचं नाही. आत्मारामला वाटायचं, आपण एवढी वर्षं गेटवर उभे होतो, तिथून किती माणसं गेली, त्यातल्या एकालाही आपण थांबेपर्यंत पाहिलं नाही.

श्रावण संपता संपता घरं लागली. चार गोळे कोपऱ्याकडे जाणारे. चार मधल्या खांबाच्या रेषेत. चार त्याच्याही अलीकडे. उरलेल्या चारांतले तीन एकाच फरशीवर, हातभर अंतरात. आणि अकरा नंबर त्यांच्यापासून दोन फरशा दूर, एकटा, जवळजवळ सरळ.

त्याने अकरा नंबर पुन्हा सोडला. वीस वेळा सोडला. फळी उलटी करून बघितली. गोळा तिथेच जायचा.

"पाणी शिरलं आत," तो शेवटी म्हणाला. "रात्रभर भिजवला मी. याचं वळण मीच मारलं."

गिरिजाने गोळा पदराने पुसला आणि पेंढ्यात ठेवला.

खंडेनवमीला क्लबात अवजारांची पूजा असे. हंसाबेन आदल्याच दिवशी परतल्या होत्या. त्या सकाळी हॉलमध्ये आल्या तेव्हा पाटावर गवताची मशीन, कात्री, फावडं, नेटचे खांब मांडले होते. शेजारी हिरव्या कापडावर चार रांगांत सोळा गोळे. रंग कुठेच नाही. झेंडूची फुलं टोपलीत तशीच होती. आत्मारामने एकही वाहिलं नव्हतं.

"कागद कुठे गेले?" बेननी विचारलं.

त्याने करगोट्याची किल्ली सोडली आणि स्टुलावर ठेवली. मग सगळं सांगितलं. रिठे, टब, फळी, सोमवार. अकरा नंबरवर आला तेव्हा त्याने तो गोळा बोटाने दाखवला. "पंधरा घरी आणले बेन. हा एक माझ्या हातून मेला. खोट्या वस्तूची पूजा कशी करू? आधी तुम्हाला सांगायचं होतं."

हंसाबेननी चष्मा लावला. "फळी दाखव."

फळी लागली. बेननी स्वतः एकेक गोळा सोडला. गिरिजा सवयीने पलीकडे जाऊन बसली. पहिली रांग, दुसरी, तिसरी. बेन नुसत्या मान हलवत होत्या. चौथ्या रांगेतले तीन गोळे गेले, थांबले. मग अकरा नंबर गेला आणि जवळजवळ सरळ जाऊन उभा राहिला.

बेन खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अरे आत्माराम, हा तर दत्तक हाय!"

"म्हणजे?"

"कोलकात्याहून त्या घरातले तीनच आले. चौथा विकणाऱ्याने दुसरीकडचा घालून दिला. मला सहा महिन्यांनी समजला. मग कोणाला सांगू, पैसे देऊन मूरख बनली म्हणून? हाच तो हिरवा सेट. तो मी कोणाला देते?"

"परशुराम साहेबांना." परशुराम साहेब क्लबचे सेक्रेटरी.

"आणि त्यांचा एक गोळा नेमी चुकतो तेव्हा ते काय बोलतात?"

"वारा होता बोलतात."

"हां. वारा!" बेन पुन्हा हसल्या. गिरिजाही पदर तोंडाला लावून हसली. आत्माराम मात्र हसला नाही. तो अकरा नंबरजवळ जाऊन बसला, त्याने गोळा उचलला आणि दोन्ही हातांत धरून राहिला. तो मेला नव्हता. तो असाच होता, कधीपासून कुणास ठाऊक.

"मी पुसायला सांगितला, तू धुतलास," हंसाबेन म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "हे बराबर नाय केलास. फोन नाय केलास, ते पण नाय. पुढच्या वेळी करायचा. रात के दो बजे असतील तरी करायचा."

"करीन बेन."

"आणि दर पावसाळ्यात एकदा फळीवरून सोडायचे. सगळे. जुने गोळे हाय, कधी बदलतील सांगता येत नाय. वहीत लिहून ठेव." त्यांनी स्टुलावरची किल्ली बोटाने त्याच्याकडे सरकवली. "पूजा कर आता, मला उपास हाय, चक्कर येते."

आत्मारामने किल्ली करगोट्याला बांधली. गाठ दोनदा ओढून बघितली. मग गोळे पुन्हा रांगेत लावले, एकेकाला कुंकवाचं बोट लावलं, एकेक झेंडू ठेवला. अकरा नंबर तिघांच्या शेजारी, आपल्या जागी.

टोपलीत एक फूल उरलं. गिरिजाने फळीकडे बघितलं. त्याने फळी ओल्या फडक्याने पुसली, नुसती पुसली, आणि पाटाशेजारी आडवी ठेवून तिच्यावर ते वाहिलं.