चुलीवरून उठवलेली बाई

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधीच्या मंगळवारी, शाळेची पहिली घंटा व्हायच्या आत, आमच्या भद्रावती तालुक्यातल्या एका गावात पोरांची खिचडी शिजवणाऱ्या बाईला चुलीवरून उठवलं. आदल्या दिवशी ती चंद्रपूरला जिल्हा परिषदेसमोर स्वयंपाकिणींच्या धरण्यात बसली होती. सरपंचानं शाळा समितीकडून ठराव करवून घेतला: बाई स्वच्छता पाळत नाही.

बाई बौद्ध घरातली. अशा बाईबद्दल गावात 'स्वच्छता' हा शब्द कशासाठी काढतात, ते मला कोणी समजावू नये. तिच्या हातचं खाऊन पोरं कॉलेजात गेली, सरपंचाचा पुतण्याही गेला. ती अस्वच्छ झाली ती नारा दिल्यावर.

मी स्वयंपाकिणींच्या संघटनेची पत्रकं लिहिते. अब्बांचं शिलाईचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत चिंध्यांच्या ढिगावर बसून लिहिते. त्या दुपारी गावात पोचले तर ती बाई, आमची मावशी, शाळेच्या फाटकाबाहेर बसलेली. आत सरपंचाच्या नात्यातली नवी बाई नुसता धूर करत होती.

"मावशी, घरी काऊन नाई गेली?"

"घरी कोनाले वाढू? पोरं इथी हायेत." मग पदर सारखा करत म्हणाली, "अन् त्याले येता-जाता दिसलं पायजे मी."

सरपंच आलाच मोटारसायकलवर. "बाई, कायले उनात बसून राह्यली? माफी माग, काम देतो."

"कायची माफी मागू, भाऊ? नाऱ्याची का खिचडीची?"

तो माझ्याकडे वळला. "तू टेलरची पोरगी ना? इथी काय शिवाले आली?"

"तुमचं माप घ्याले."

फाटकाजवळच्या बाया फस्सकन हसल्या. तो गेला. पण मावशीची चूल काही परत आली नाही. अर्ज झाले, विनंत्या झाल्या. शेवटी बायांनीच ठरवलं, सरपंचाला खुर्चीवरून उतरवायचं. कायद्यात वाट आहे. ग्रामपंचायतीच्या दर चारातले तीन सदस्य अविश्वासाला उभे राहिले, तर विषय ग्रामसभेपुढे येतो आणि गाव गुप्त मतदान करतं.

सगळ्यात आधी आडवा आला आमच्याच संघटनेचा तालुक्याचा नेता. माजरीच्या खाणीत युनियन असते याचं कोणाला नवल नाही; चुलीपाशी युनियन म्हटलं की माणसं हसतात. हा हसला नव्हता, त्यानंच तर आम्हाला उभं केलं. पण बैठकीत म्हणाला, "संघटनेचं काम कामगाराचं. सरपंच पाडनं म्हंजे राजकारण. लोकायनं निवडून देला, पाच वर्षं थांबा. आज तुमी याले पाडान, उद्या पैसेवाले आपल्या चांगल्या सरपंचाले पाडतीन."

हा मुद्दा खोटा नाही. भित्रा आहे. कामगाराला सकाळी घंटा व्हायच्या आत काढता येतं आणि काढणाऱ्याला मात्र पाच वर्षं हात लावायचा नाही? मी हे बोलायला उठणार, तोच मावशीनं विचारलं, "मंग भाऊ, तुमाले काढाचं असन तं कुठी जाचं?"

"मले? मले काऊन काढता?"

"काढत नाई. इचारून राह्यली."

बैठक खदाखदा हसली, पण प्रश्न कोणी सोडला नाही. नेत्याला ठेवायचं का काढायचं, यावर तिथंच मतदान घेतलं. नेता टिकला. घाम पुसला त्यानं, आणि दुसऱ्या दिवसापासून एकेका सदस्याच्या दारात आमच्याबरोबर बसला. ज्याला खाली ओढता येतं तो दारापर्यंत चालत येतो, एवढीच माझी बाजू आहे. ती मी कुठल्याही पंडितासमोर मांडीन.

सदस्य हो-नाही करत वळले. ग्रामसभेच्या दिवशी सरपंचाची माणसं ओरडत होती, "हात वर करून घ्या! लपाचं कायले?" कोणाचा हात वर जातो ते त्यांना बघायचं होतं. तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्यानं ऐकलं नाही, पेटी ठेवली. रांगेत मावशीची जोडीदारीण होती, तिच्यासोबत शिजवणारी. सवर्णांच्या वरच्या आळीतली. ठराव झाला तेव्हा नोकरी जाईल या भीतीनं गप्प बसलेली. पेटीजवळ आली आणि वळून उभी राहिली.

"लपाचं नाई ना? आयका मंग. पोरायच्या आधी आमी दोघी एकाच भांड्यातलं चाखत होतो. ते घाण असन तं मी बी घाण."

चिठ्ठी टाकून ती सरळ निघून गेली. मागची रांग पुढं सरकली. सरपंच त्या दिवशी पडला.

आणि मावशी? ती अजून फाटकाबाहेर आहे. उठवायचा ठराव शाळा समितीचा होता, तो समितीनंच फिरवायचा. समिती म्हणते, "पुढच्या बैठकीत पाहू." त्या समितीत सरकार बसलेलं नाही, पोरांचे आईबापच बसलेत. म्हणजे तुमच्यासारखीच माणसं.

म्हणून हे वाचून नुसतं हळहळू नका. तुमचं पोर, नातू, भाचा ज्या शाळेत जेवतो, तिथं या आठवड्यात जा. थेट चुलीपाशी जा. इथून कोणाला उठवलंय का, विचारा. उठवलं असेल तर ठराव वाचायला मागा, आणि समितीला तोंडावर सांगा: तिला परत बसवा, नाहीतर तुम्ही उठा.