मोबाइलवरून काढलेली दृष्ट

माझी लेक मीरा जर्मनीत क्वांटम भौतिकशास्त्रात संशोधन करते. परवा तिला ताप होता. मी व्हिडिओ कॉल लावला, मुठीत मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि मोबाइलवरूनच तिची दृष्ट काढू लागले. शेजारी बसलेल्या माझ्या बहिणीला भारी कौतुक वाटलं. "मीरा, तुमचे ते दोन कण लांबून जोडलेले असतात म्हणे. मग इथली ऊर्जा तिथे पोचतच असणार!"

"नाही गं मावशी," मीरा म्हणाली. "कण जुळलेले असतात हे खरं, पण त्यातून साधा निरोपसुद्धा जात नाही. ताप डॉक्टरांच्या गोळीनेच उतरेल."

माझी मूठ हवेतच थांबली. खरं तर वाईट वाटायला हवं होतं, पण माझा ऊर भरून आला. आईला बरं वाटावं म्हणूनसुद्धा ही पोर शास्त्राला खोटं बोलायला लावत नाही. आणि लांबच्या माणसावर जीव लावायला शास्त्राचा दाखला हवाच कशाला?

"थांबलीस का गं आई?" ती म्हणाली. "अजून दोनदा ओवाळायचं राहिलंय."

तिने मान वाकवली. पडद्यावर फक्त तिचा भांग उरला, शाळेत जाताना मी पाडून द्यायचे तसाच, सरळ.