उडवी कशाने कोसळली

आमच्या घरात मोठ्याने बोलायचा हक्क फक्त मला आहे, कारण मी भूगोलाचा मास्तर आहे. तलासरीच्या शाळेत मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवून पोचवून घसा असा तयार झालाय, की जेवताना मी मीठ मागितलं तर ते शेजारून येतं.

त्या वैशाखात मात्र मीच अख्ख्या घराला कुजबुजायला लावलं होतं, कारण बायकोची, म्हणजे सुलभाची, कोंबडी खुडूक बसली होती. ही साधीसुधी कोंबडी नव्हे! सुलभाच्या आईने आगरहून पाठवणीच्या वेळी जी कोंबडी दिली, तिच्या वंशातली ही शेवटची. बाकीच्या मुंगसाने नेल्या. आई आता नाही, त्यामुळे या अंड्यांवर सुलभाचा जीव टांगलेला. अंगणात खांबाभोवती रचलेली पेंढ्याची उडवी, उडवीच्या कडेला जुनी बाज आणि बाजेखाली टोपलीत कोंबडी. वळवाच्या गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून सुलभाने टोपलीत लोखंडी खिळा आणि कोळसा ठेवला होता. मी (विज्ञाननिष्ठ माणूस) त्यावर पोटभर हसून घेतलं होतं.

पिल्लं आज निघतील की उद्या, अशा बेताला शेजारच्या बारक्याकाकांच्या पोराची वरात ठरलेली. डीजे अच्छाडच्या पलीकडून, थेट गुजरातेतून मागवलेला.

"संपलं," मी म्हणालो. "आवाजाने हिमालयात अख्खा हिमकडा कोसळतो, तिथे अंड्याची काय कथा?"

आमची मृणाल गिर्यारोहणाचा कोर्स करून नुकतीच परतली होती. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, आवाजाने काही कोसळत नाही, ते सिनेमात. खालचा थर कच्चा असला आणि वर कुणी भार टाकला, की बर्फ सुटतं. त्याखाली जो सापडतो ना, बहुतेक वेळा त्यानेच ते पाडलेलं असतं."

अंड्यांपेक्षा कोंबडीची काळजी करा, असंही तिने सांगितलं. दणदणाटाला घाबरून कोंबडी उठली आणि परत बसलीच नाही, तर अंडी गार पडून जातील. हे ऐकून सुलभाचं तोंड एवढंसं झालं.

लेकीकडून भूगोल शिकल्याचं दुःख गिळून मी बारक्याकाकांकडे गेलो आणि डीजे हळू लावा म्हणून विनवलं. "मास्तर," ते म्हणाले, "वरात काढायचीय का मयत?" कोंबडीचं ऐकल्यावर मात्र विरघळले. वरात तुमच्या दारात थांबणार नाही, असा शब्द दिला, वर जेवायचं आवतणही दिलं.

पण माझा डीजेवर भरवसा नव्हता. मऊ वस्तू आवाज खाते, हे शास्त्र. तेव्हा उडवीच्या मधल्या खांबापासून चिकूच्या फांदीपर्यंत दोरी बांधायची आणि तिच्यावर गोधड्या टांगायच्या, असा बेत मी केला. घरातल्या सगळ्या गोधड्या खांद्यावर घेऊन शिडी लावली. गाय रोज खालूनच पेंढा ओढून खाते, उडवी बुडाशी पोकळ झालीय, चढू नका, असं सुलभा परोपरीने सांगत होती.

"तू तुझा खिळा सांभाळ," मी वरून म्हणालो.

वरात आली. डीजे असा दणाणला, की फडताळातली भांडी नाचली, कुत्रा शेपूट घालून मोरीत पळाला आणि माझं काळीजही त्याच ठेक्यावर उडायला लागलं. उडवी तसूभर हलली नाही. बाजेखालची कोंबडीही ढिम्म. आवाज पुढे सरकेपर्यंत गाठ मारून टाकू म्हणून मी दुसरा पाय शिडीवरून उडवीवर घेतला.

पायाखाली 'खस्स' झालं. मग उडवीची एक अख्खी बाजू सुटली. अर्धा पेंढा बाजेवर गेला. उरलेला अर्धा, सगळ्या गोधड्या आणि मी असे कुडाचं कुंपण मोडून थेट डीजेच्या टेम्पोपुढे! डीजे बंद पडला. पेंढ्याखाली मला सुलभाचा आवाज ऐकू आला.

"आधी बाज मोकळी करा! ह्यांचं नंतर बघू."

अख्खी वरात पेंढा उपसायला धावली, मुंडावळ्या बांधलेला नवरदेवसुद्धा. (मी आपला आपणच बाहेर आलो.) बाज उचलली, तरी सुलभाला खाली बघायचा धीर होईना. तेवढ्यात बारीकसा चिवचिवाट ऐकू आला. कोंबडी जागच्या जागी बसलेली, आणि तिच्या पंखाखालून एक ओलं डोकं बाहेर बघत होतं. सुलभा मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. माझेही डोळे भरून आले. डोळ्यांत पेंढा गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं.

शकुन चांगला झाला म्हणून बारक्याकाका खूश. डीजेवाल्याने भीतभीत विचारलं, "बेन, हवे वगाडूं के?"

"वाजवा," सुलभा डोळे पुसत म्हणाली. "खुशाल वाजवा."

आता पाड्यावर कुणाचीही वरात निघाली, तरी डीजेवाले आमच्या दारात आवाज कमी करत नाहीत. फक्त टेम्पो थांबवतात आणि सुलभाला विचारतात, "ताई, मास्तर खाली आहेत ना?"