उस्तादांचं कुलूप

उस्तादांना उस्ताद म्हणायला कुणी सुरुवात केली ते त्यांनाही आठवत नव्हतं. भरघोस मिशा, जिना उतरून रस्त्यावर पोचणारा आवाज आणि खुर्चीलाच संकोच वाटावा अशी ताठ पाठ. एवढ्या भांडवलावर माणूस निम्मा उस्ताद होतोच. उरलेला निम्मा लोक आपल्या पदरचा घालतात.

आधी ते एका कारखान्याच्या फाटकावर काठी घेऊन उभे असत. पहारेकरी पुरवणाऱ्या एजन्सीनं नव्या माणसांना शिकवायला त्यांना बोलावलं, तेव्हा मालकानं विचारलं होतं, पिस्तूल वगैरे चालवलंय ना? उस्ताद नुसते हसले. त्या हसण्याचा अर्थ मालकानं आपल्या सोयीनं लावला आणि उस्तादांनी तो तसाच राहू दिला. खरं तर त्यांनी जन्मात एकही गोळी झाडली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

टायरच्या दुकानावर एक लांबट खोली होती, तिथे वर्ग भरे. सुताराकडून करून घेतलेलं, काळा रंग फासलेलं लाकडी पिस्तूल हेच सगळं साहित्य. पहाऱ्यावर खरं पिस्तूल कुणाला मिळतच नसे, त्यामुळे लाकडावर भागत होतं. त्या लाकडावर उस्तादांनी मनानंच एक पकड बसवली होती. उजव्या हातात मूठ, तिच्यावर डाव्या हाताची मिठी आणि डावा अंगठा मागून आडवा घालून गच्च दाबायचा. याला ते कुलूप म्हणत. "कुलूप लावा" म्हटलं की सगळी खोली एकदम अंगठे आडवे करी. लाकूड तसूभर हलत नसे, आणि उस्तादांना वाटे, जमलं.

मग एजन्सीला बँकेची रोकड नेण्याआणण्याचं काम मिळालं. गाडीबरोबर जाणाऱ्यांना खरं पिस्तूल मिळणार होतं, पण आधी गोळीबाराच्या मैदानावर परीक्षा द्यायची होती. पहिल्या बारा जणांच्या तुकडीत उस्तादांचा जावईही होता. वर्गात तो त्यांना उस्ताद म्हणे, घरी मामा. मुलीनं बापाला एकदाच सांगितलं होतं, "बाबा, यांना नीट तयार करा."

सरावासाठी छर्ऱ्याचं पिस्तूल घ्यायचं ठरलं आणि ते निवडायला मालकानं अर्थातच उस्तादांना पाठवलं. खऱ्यासारखं बघा, मालक म्हणाला, खेळणं नको.

छर्ऱ्याची पिस्तुलं विकणाऱ्या दुकानातल्या बाई साठीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेल्या. त्यांनी दोन पिस्तुलं काचेवर ठेवली. दोन्हींचं वजन खऱ्याइतकंच, आकार खऱ्याचाच. एकाचा वरचा भाग घट्ट बसवलेला. दुसऱ्याचा मात्र छर्रा सुटला की गॅसच्या जोरानं झटक्यात मागे येऊन पुन्हा पुढे जाणारा. त्याला स्लाइड म्हणतात, खऱ्या पिस्तुलाचंही तसंच असतं, शिकवायला हेच घ्या, असं बाई म्हणाल्या. मागच्या बाजूला पुठ्ठ्याचं लक्ष्य टांगलं होतं. बाईंनी डोळ्यांवर चढवायला जाड चष्मा दिला. उस्तादांनी ऐटीत पवित्रा घेतला, कुलूप लावलं आणि घोडा ओढला.

स्लाइड मागे आली ती थेट अंगठ्यावर. कातडी सोलून निघाली. उस्तादांचे कान तापले.

बाईंनी कापूस आणला. "काका, अंगठा मागे आडवा नको. दोन्ही अंगठे बाजूनं, पुढे. खऱ्यानं टाके पडले असते."

"माहीत आहे," उस्ताद म्हणाले. "आज जरा लक्ष नव्हतं."

बाईंनी अंगठ्याला कापूस बांधून दिला. त्यानं उस्तादांना आणखीच उघडं पडल्यासारखं झालं. हे पिस्तूल वर्गात नेलं तर पहिल्याच दिवशी बारा अंगठे सोलणार आणि बारा माणसं आपल्या तोंडाकडे बघणार. त्यांनी न हलणारं पिस्तूल उचललं. मालकाला सांगितलं, याला गॅस कमी लागतो, बिघाडही कमी. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. खरं बोलूनही माणसाला फसवता येतं, हे उस्तादांना त्या दिवशी कळलं.

कुलूप हळूहळू सोडवू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात ते म्हणाले, अंगठे जरा मोकळे ठेवा. जावई साधा माणूस, शिकवलेलं मनापासून करणारा. त्यानं विचारलं, "म्हणजे उस्ताद, कुलूप नाही लावायचं?" सगळे वळून बघायला लागले. "नाही, माझी चूक झाली," एवढंच जीभ म्हणाली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

"लावायचं," उस्ताद म्हणाले.

परीक्षेला उस्तादांचा जावई म्हणून त्याला मानानं पहिलं उभं केलं. पहिल्याच गोळीला स्लाइडनं अंगठ्याचा सांधा फाडला. परीक्षकानं बाकीच्यांचे हात तपासले, सगळ्यांचे अंगठे तसेच आडवे होते. त्यानं ते एकेक करून सरळ केले, मग कुठे बाकीचे गोळ्या झाडून पास झाले. जावयाला टाके पडले. आतली शीर दुखावली होती, अंगठा पुरता वळेल की नाही ते डॉक्टरला सांगता येईना. गाडीवरची नोकरी गेलीच.

मालकानं सगळ्यांना उभं करून विचारलं, ही पकड कुणी शिकवली? उस्ताद तिथेच होते. अकरा जणांनी माना खाली घातल्या. जावई म्हणाला, "उस्तादांनी बरोबर शिकवलं होतं साहेब. मी घाबरलो, विसरलो." आणि ते अकरा जणही त्याच्या खोटेपणाला मुकाट्यानं धरून राहिले. कुणी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी ते मुलीकडे गेले. ती नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं लावून देत होती. तिनं बापाकडे पाहिलं नाही, पाणी मात्र आणून दिलं. तो पेला उस्तादांच्या हातात तसाच राहिला. शेवटी ते म्हणाले, "जावईबापू, उद्या वर्गात या."

सकाळी दुकान उघडायच्या आधीच ते दारात उभे होते. बाईंनी काही न विचारता पिस्तूल बदलून दिलं.

वर्गात नवी तुकडी होती, जुने अकरा होते, आणि उस्तादांनी मालकालाही बोलावून आणलं होतं. भिंतीवर पुठ्ठा टांगला, सगळ्यांना मागे उभं करून चष्मे दिले. मग उस्तादांनी कुलूप लावलं आणि छर्रा सोडला. जुन्या खपलीवर नवी जखम झाली. रक्ताळलेला अंगठा त्यांनी सगळ्यांना दिसेल असा वर धरला. आवाज नेहमीचा नव्हता, पुढच्या रांगेपुरताच होता.

"ही पकड माझी. माझ्या मनची. मी आयुष्यात कधी गोळी झाडली नाही. दुकानात हे असंच लागलं, तरी मी तुम्हाला सांगितलं नाही. जावयाचा हात माझ्यामुळे गेला."

मालकाचा चेहरा लालबुंद झाला. खाली टायरवाला हवा भरत होता, तेवढाच आवाज. आता आपल्याला जिना उतरायला सांगतील, असं उस्तादांना वाटलं, आणि ते योग्यच होतं.

जावई रांगेतून पुढे आला. उजव्या हातानं त्यानं उस्तादांचा डावा अंगठा धरला, पिस्तुलाच्या मागून काढला आणि बाजूनं, पुढे नेऊन ठेवला. स्वतःचा पट्टीतला हात त्यानं छातीशी धरला होता.

"मामा," वर्गात पहिल्यांदाच तो त्यांना मामा म्हणाला, "आता सोडा."

उस्तादांना पुठ्ठा धड दिसत नव्हता. त्यांनी घोडा ओढला. पिस्तूल हातात थोडं हललं, पण कुणाला काही लागलं नाही.