ताप नसलेल्या पोरीची रजा

पोरगी नववीत होती तेव्हा तिच्या शाळेला मी चार वेळा खोटं लिहून दिलं. "ताप असल्यामुळे आज येऊ शकत नाही." दारव्ह्याच्या कचेरीत मी कारकून, अर्ज लिहिणं माझ्या हातचा मळ. तिला ताप कुठला? महिन्यातून एखाद दिवशी दप्तर घेऊन दारात उभी राहायची आणि पाऊलच उचलायचं नाही. घळाघळा रडायची. कोणी मारलेलं नाही, कोणी चिडवलेलं नाही. "मग काहून रडून राह्यली?" म्हटलं की, "मलेच समजत नाही, आई."

पाचव्या वेळी मी पेन उघडलं, तर तिनं हात धरला. "ताप नको लिहू. वर्गात पोरी विचारतात, कोणती गोळी घेतली? मंग अजून खोटं बोला लागते. मंग शाळेत जायची अजूनच भीती वाटते."

माझं डोकंच फिरलं. "मंग काय लिहू? लोकं येडी म्हणतील तुले!" बोलले आणि जीभ चावली. तिचा चेहरा एवढासा झाला. असा राग आला मला स्वतःचा!

मग होतं तसं लिहिलं. "शरीरानं बरी आहे, पण मन फार जड झालंय. आज घरी ठेवते." चिठ्ठी घेऊन स्वतःच शाळेत गेले. तिचे वर्गशिक्षक म्हणजे जमदग्नी, त्यामुळे रस्ताभर भांडणाची वाक्यं जुळवत होते. सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "रजा मांडतो," म्हणाले. "चार वेळा ताप आला आन् मी एकदाही विचारलं नाही, ताई. चुकलंच माझं. उद्यापासून तिले दाराजवळ बसवतो. जीव घाबरला तं उठून बाहेर जावं, मले विचारायचं काम नाही."

माझी सगळी वाक्यं वाया गेली. बाहेर येऊन साहेबांना फोन करून मीही सुट्टी घेतली. कारण सांगितलं ताप! जित्याची खोड, दुसरं काय. दुपारी दोघींनी तुरीच्या शेंगा उकडून खाल्ल्या, ती गाढ झोपली. लई बरं वाटलं मला.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा दारात अडली. मी कागद काढला. तिनं डोळे पुसले.

"सरांले खरं माहीत आहे नं?"

"आहे."

"मंग जाऊन तं पाहू दे."

त्या दिवशी कचेरीत मी फोन हातातून खाली ठेवला नाही. वाजलाच नाही मेला. संध्याकाळी दप्तर फेकून ती ओरडली, "आई, भूक लागली!"